गुडघे तिचे, विरह माझा

या सत्राला आमच्या घरातून कथक विशारद पूर्णला दोघी बसल्या आहेत, आणि दोघी मिळून एक बरी नर्तकी होते. गुडघे, घोटे, फुप्फुसं आणि स्मरणशक्ती लेकीची. विरह, रुसवा, संशय आणि परीक्षा शुल्क माझं. दोघींनी मिळून एक अर्ज भरायची सोय असती, तर प्रथम श्रेणी कुठे गेली नव्हती. पण परीक्षा म्हणते की हे सगळं एकाच देहात हवं, आणि तेही सोळा मात्रांत.

मी यात कशी आले, असं माझ्या बँकेत अजून विचारतात. नृत्यवर्गाच्या बाहेर एक बाक असतो. त्यावर आया बसतात, मेथी निवडतात आणि आतल्या मुलींपैकी कुणाचे हात ताठ आहेत यावर मत देतात. माझी मतं जरा मोठ्या आवाजात असावीत, कारण एक दिवस शिकवणाऱ्या ताई दारात येऊन म्हणाल्या, ''काकू, नुसत्या बसण्यापेक्षा आत या.'' तेव्हापासून प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा असं करत आम्ही दोघी एकाच रांगेत उभ्या आहोत. लेक पुढे, मी मागे. उंचीप्रमाणे, असं सांगितलं जातं.

ताई माझ्यापेक्षा बऱ्याच लहान. वर्ग सुरू होताना मी त्यांना वाकून नमस्कार करते, त्या अर्धं पाऊल मागे सरकतात. लेक चुकली की त्या म्हणतात, ''अगं, कुठे लक्ष आहे तुझं?'' मी चुकले की म्हणतात, ''तुम्ही परत समेच्या आधी आलात.'' हा आदरार्थी 'तुम्ही' फार झोंबतो. 'तू'ने झालेली चूक वयाच्या खात्यात जाते. 'तुम्ही'ने झालेली थेट सेवापुस्तकात लागते.

विशारदपर्यंत वर्ग रिकामा होत आलेला असतो, आणि त्याला कारण आहे. शास्त्रीय नृत्याच्या परीक्षा दिल्या की दहावीला वाढीव गुण मिळतात. त्यामुळे आठवी-नववीत वर्ग ओसंडून वाहतो, पाय ठेवायला जागा नसते, आणि कथकमध्ये पाय ठेवायलाच जागा लागते. गुणांचा प्रस्ताव एकदा शाळेतून पुढे गेला की निम्म्या घरांतले घुंगरू माळ्यावर चढतात. उरतात त्या तीन-चार मुली, ज्यांना खरंच नाचायचं असतं, आणि माझ्यासारख्या, ज्यांना दहावी होऊन इतकी वर्षं झाली आहेत की वाढीव गुण द्यायचे म्हटले तरी बोर्डाला दप्तर सापडणार नाही.

प्रारंभिक ते विशारद या इयत्तांचं श्रेय पं. विष्णू दिगंबर पलुस्करांचं. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ते शिकले आणि पार लाहोरला जाऊन ५ मे १९०१ रोजी त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. १९३१ मध्ये ते गेले, त्याच वर्षी शिष्यांनी मंडळ उभं केलं. आमची परीक्षा त्या मंडळाची. त्याआधी विद्या मिळवायची म्हणजे गुरूच्या घरी राहायचं, पाणी भरायचं, पाय चेपायचे आणि गुरूची लहर लागेल तेव्हा काय मिळेल ते घ्यायचं. पलुस्करांनी त्याला वर्ग, फळा, पुस्तक आणि परीक्षा दिली. मी खरं तर पाणी भरायलाही तयार होते. ताईंच्या इमारतीला टँकर येतो.

लखनौच्या दरबारात मात्र प्रवेशपत्र वगैरे भानगड नव्हती. नवाब वाजिद अली शाह स्वतः कथक शिकला होता. १८५६ साली इंग्रजांनी त्याचं अवधचं राज्य खालसा केलं, तेव्हा त्याच्याविरुद्धच्या तक्रारीत हेही होतं की राजा कारभार सोडून नाचगाण्यात रमतो. लेखी पेपरसाठी हा भाग मला पाठ करावा लागला नाही. आमच्या शाखा व्यवस्थापकांचं माझ्याबद्दल शब्दशः हेच मत आहे.

लेखी पेपर हा या परीक्षेचा खरा विनोदी भाग. पायाला जे कळतं ते हाताने लिहून दाखवायचं. त्यात ताललिपी दोन. भातखंडे पद्धतीत समेला, म्हणजे पहिल्या मात्रेला, फुली आणि खालीला शून्य. पलुस्कर पद्धतीत समेला १ आणि खालीला अधिकचं चिन्ह. लेकीला त्रास नाही, ती दोन्ही बीजगणित समजून सोडवते. माझं सगळं आयुष्य ग्राहकाने सही करायच्या जागी फुली मारण्यात गेलंय. त्रितालाच्या पहिल्या मात्रेखाली फुली दिसली की माझा हात आपोआप पॅन कार्डची प्रत मागायला पुढे होतो.

मग लयकारी. ठाह, दुगुन, तिगुन, चौगुन, इथवर माणूस तब्येतीच्या जोरावर जातो. पुढे आड येते, म्हणजे दीडपट. कुआड सव्वापट आणि बिआड पावणेदोनपट. त्रितालात सोळा मात्रांच्या जागेत आडीचे चोवीस बोल बसतात, कुआडीचे वीस, बिआडीचे अठ्ठावीस. इथवर माणुसकी आहे. पण झपतालाच्या दहा मात्रांत कुआड मांडली की साडेबारा होतात, आणि तो वरचा अर्धा बोल कुठल्या पायाने मारायचा यावरून आमच्याकडे जेवणं थंड झालेली आहेत. लेकीने मोबाइल काढला, मी बँकेचा कॅल्क्युलेटर. सासूबाई कोपऱ्यात गवार मोडत होत्या. त्यांच्या शाळेत पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, औटकी छडी मारून पाठ करून घेतलेली. मान वर न करता म्हणाल्या, ''सोळा सव्वा वीस, सोळा दीड चोवीस, सोळा पावणेदोन अठ्ठावीस. दहा सव्वा साडेबारा, म्हणून दोनदा घ्या, पंचवीस होतील. एवढं काय त्यात?'' तालाची दोन आवर्तनं घेतली की बोल पुरे बसतात, हे ताईंनी आम्हाला फळ्यावर समजावलं होतं. सासूबाईंनी आयुष्यात घुंगरू बांधलेले नाहीत. सध्या आमच्या घरात लयकारीला तबलजी नसला तरी चालतो, गवार लागते.

तिहाईत तर उघड हिशेबच आहे. एक तुकडा तीनदा घ्यायचा आणि तिसऱ्याचं शेवटचं पाऊल बरोबर समेवर आणायचं. पाच मात्रांचा तुकडा, मध्ये एक मात्रा विसावा: पाच, एक, पाच, एक, पाच, म्हणजे सतरा. सोळा संपल्या आणि सतरावी झाली पुढच्या आवर्तनाची सम. तोच तुकडा धमारात न थांबता घेतला तर पंधरा, आणि धमार चौदाचा, म्हणजे पुन्हा सम. मध्ये विसावा असतो ती दमदार तिहाई, नसतो ती बेदम. मला दोन्हींत सारखाच दम लागतो. त्याच्यापुढे चक्रदार. आख्खी रचना तिहाईसकट तीनदा. आणि फर्माइशी चक्रदारात पहिल्या फेरीतला पहिला 'धा' समेवर, दुसऱ्या फेरीतला दुसरा, तिसऱ्या फेरीतला तिसरा. ज्याने कुणी ही पहिल्यांदा बांधली त्याला आयकर विवरणपत्राची भीती कधी वाटली नसणार.

आमचा सराव डोंबिवलीच्या वन बीएचकेमध्ये चालतो, म्हणजे दिवाण उभा केल्यावर. खालच्या मजल्यावरच्या काकांची तक्रार येणार हे धरूनच चाललो होतो. सतरंजी दुहेरी केली, घुंगरू काढून ठेवले, रात्री नवानंतर फक्त तोंडी पढंत. तरी एका सकाळी काका वर आले. डोळे तांबारलेले. म्हणाले, ''आवाजाचं काही नाही हो. पण काल रात्री तुम्ही ते दोनदा वाजवलंत आणि थांबलात. तिसरं आलंच नाही. मी दोनपर्यंत वाट बघत पडलो होतो.'' त्या तिहाईच्या वेळी कुकरची शिट्टी झाली होती, हे त्यांना कसं सांगणार? तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे की घर पेटलं तरी आधी समेवर यायचं.

पढंत, म्हणजे हाताने ताल धरून बोल म्हणणं, मी लोकलमध्ये उरकते. लेडीज डब्यात खिडकीची जागा मिळाली की डोळे मिटायचे, मांडीवर टाळी आणि खाली दाखवायची आणि ओठांतल्या ओठांत 'तिगदा दिगदिग थेई' चालू ठेवायचं. सुरुवातीला शेजारच्या बाया जरा सरकून बसायच्या. आता ओळख झालीय. परवा एक मावशी दिव्याला चढल्या, मुंब्र्यापर्यंत माझ्याकडे बघत राहिल्या आणि शेवटी हात जोडून म्हणाल्या, ''कुठलं स्तोत्र हो हे? कशावर गुण येतो?'' मी म्हटलं, ''गुडघ्यांवर.'' त्यांनी पहिली ओळ लिहून घेतली.

गुडघ्यांवर येतो तसा तो जातोही. चकरा हे कथकचं वैभव. डाव्या टाचेवर तोल, मान शेवटपर्यंत एका जागी रोखायची आणि शरीर फिरलं की झटक्यात परत तिथेच आणायची, म्हणजे घेरी येत नाही. त्यासाठी समोर एक ठिकाण धरावं लागतं. लेक भिंतीवरच्या कुठल्याशा ठिपक्यावर नजर रोखते आणि फिरते, फिरते, फिरतच राहते. मध्येच थांबून विचारते, ''आई, डबा काय आहे?'' मी भिंतीवरचं कॅलेंडर धरलंय. चतुर्थीपासून निघते आणि एकादशीला थांबते.

आता नायिका. इथे पारडं फिरतं.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात नायिकेच्या आठ अवस्था सांगितल्या आहेत आणि विशारदच्या मुलीला त्या लिहिताही याव्या लागतात, करताही. गेली दोन हजार वर्षं या आठजणींच्या सगळ्या कटकटी एकाच माणसाने चालवल्यात: तो आला नाही, उशिरा आला, दुसरीकडून आला, भांडून गेला, परगावी गेला. लेकीला आठही नावं उलटसुलट पाठ आहेत. पण वासकसज्जा, म्हणजे प्रियकर येणार म्हणून घर सजवून बसलेली नायिका, करताना ती अशा चेहऱ्याने फुलं मांडते की तिने स्वतःच्या खोलीतली खुर्ची गेल्या दिवाळीपासून पाहिलेली नाही हे परीक्षकांना लांबून कळावं.

विरहोत्कंठितेचं तर विचारूच नका. तो येईना, रात्र सरत चालली, दिव्याची वात खाली आली. ताई तळमळून समजावत होत्या. लेक म्हणाली, ''पण ताई, ती त्याचं लोकेशन का बघत नाही?'' या पिढीला वाट बघणं माहीत नाही. भाजी दहा मिनिटांत येते, रिक्षा कुठल्या वळणावर आहे ते दिसतं. ताईंनी तिला तीनदा करायला लावलं आणि मग कपाळाला हात लावला. ''अगं, तुझी नायिका कृष्णाची वाट बघत नाहीये. ओटीपीची बघतेय.''

माझी पाळी आली. मला आत्मविश्वास होता. मध्य रेल्वेवर नोकरी केलेल्या बाईला वाट बघणं शिकवायचं म्हणजे काय! मी दारापाशी गेले, कानोसा घेतला, परत फिरले, उसासा टाकला. ताई कौतुकाने बघत होत्या. म्हणाल्या, ''छान आहे काकू. फक्त असं वाटतंय की ती गॅसवर दूध ठेवून आलीय.''

खंडिता मात्र मला एकदम जमली. रात्रभर न आलेला नायक पहाटे उगवतो, विस्कटलेले केस, चुरगळलेला अंगरखा, अंगावर कुठे-कुठे खुणा, आणि ती ते सगळं वाचते. माझा नवरा रोज रात्री साडेनऊला नेमका असाच उगवतो. खुणा अंबरनाथ फास्टच्या असतात, पण अभिनयाला तेवढं पुरतं. विप्रलब्धेला, म्हणजे ठरलेल्या जागी तो न आल्याने फसलेल्या नायिकेला, मी गॅसच्या पाइपलाइनवाल्याची वाट पाहण्यासाठी घेतलेली रजा आठवते. प्रोषितभर्तृका, पती परदेशी गेलेली. आमच्या सोसायटीत निम्म्या तशाच, फक्त हल्ली त्याला ऑनसाइट म्हणतात आणि पगार डॉलरमध्ये येत असल्याने चेहऱ्यावर विरह नीट ठरत नाही. कलहांतरिता भांडून त्याला घालवते आणि मग पस्तावते. भांडण माझं उत्तम होतं. पस्ताव्याला ताई 'अजून आतून येऊ दे' म्हणतात. अभिसारिका रात्री लपतछपत त्याला भेटायला निघते. आमच्या गेटवर वॉचमन नाव, फ्लॅट क्रमांक आणि कामाचं स्वरूप लिहून घेतो.

राहिली स्वाधीनभर्तृका. नवरा पूर्ण मुठीत, तिच्या पायाला आलता लावतोय, वेणीत फुलं माळतोय, आणि ती आरशात बघत हसतेय. ''हिच्यासाठी काही अनुभव नाही,'' मी ताईंना स्पष्ट सांगितलं. ताई म्हणाल्या, ''काकू, म्हणून तर कलेत कल्पनाशक्ती असते.''

मेलबर्नला नणंद असते. तिची मुलगीही कसल्याशा वरच्या ग्रेडच्या तयारीत आहे, विषय लिरिकल. व्हिडिओ कॉलवर तिने करून दाखवलं. बॅले आणि जॅझ दोन्हींतून घेतलेलं, आणि गाण्याच्या शब्दांत जी भावना असेल ती सगळ्या अंगातून वाहती करायची. ती जमिनीवर लोळली, उठली, काहीतरी हातातून निसटल्यासारखी धावली, थांबली. घुंगरू नाहीत, तबला नाही. सासूबाई चष्मा पुसून शेवटपर्यंत बघत होत्या. म्हणाल्या, ''ठुमरीच आहे की. फक्त हिला बसायला पाट दिला नाही कुणी.'' लेकीला हसू आलं, पण वर्गात सांगितलं तेव्हा ताईंनी हे फार मनावर घेतलं. कथकमधल्या बिंदादीन महाराजांच्या ठुमऱ्या तरी काय वेगळं मागतात? पुण्यात कथक रुजवणाऱ्या रोहिणी भाटे यांनी इझाडोरा डंकनचं आत्मचरित्र मराठीत आणलं होतं, आणि ही इझाडोरा म्हणजे बॅलेचे बूट फेकून अनवाणी नाचलेली बाई. ताई म्हणाल्या, तिकडच्यांनी बूट काढले आणि इकडच्यांनी घुंगरू बांधले, मध्ये कुठेतरी गाठ पडणारच. नणंदेच्या मुलीला एकच गोष्ट समजेना: एवढ्या नाचाचा लेखी पेपर कशाला? मी तिच्या वतीने हा प्रश्न सगळ्यांना विचारून पाहिला आहे.

प्रात्यक्षिक मे महिन्यात, एका शाळेच्या वर्गात होतं. बाक भिंतीला सरकवलेले, फळ्यावर कुणीतरी 'पाणी वाचवा' लिहून ठेवलेलं. अनारकली, चुडीदार, कमरेला पट्टा, कानात झुमके, पायात दोन-दोनशे घुंगरू अशा थाटात आम्ही दोघी दारात पोचलो. यादी घेऊन बसलेल्या स्वयंसेविकेने लेकीच्या नावावर खूण केली, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, ''पालकांनी बाहेर थांबायचं.'' मी नुसता पाय आपटला. दोनशे घुंगरू वाजल्यावर तिने यादीत दुसरं नाव शोधलं.

नाव पुकारेपर्यंत व्हरांड्यात थांबायचं होतं. सात्त्विक भाव आठ: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. गोठणं, घामाघूम होणं, काटा येणं, आवाज फुटणं, कापरं भरणं, रंग उडणं, रडू आणि शुद्ध हरपणं. शास्त्र म्हणतं, हे ओढूनताणून आणता येत नाहीत, आतूनच उमटावे लागतात. शास्त्रकारांनी या व्हरांड्यात एक चक्कर टाकायला हवी होती. मे महिन्यात, पंख्याखाली जागा नसताना, आपल्या आधीच्या मुलीला परीक्षक धमारची आमद विचारताहेत हे कानावर पडलं की पहिले सात रांगेने येतात. आठवाही आला असता, पण नवऱ्याने वेळेवर लिंबू सरबत दिलं.

लेक आधी आत गेली. बाहेर आली तेव्हा गाल लाल. ''बिआड बसली, फर्माइशी बसली. आणि काय विचारलं माहितीये? विरहोत्कंठिता!'' माझ्या पोटात गोळा. ''मग?'' ''मग काय, बारावीच्या निकालाची वाट बघतेय असं समजले. मॅडम म्हणाल्या, फारच सच्चं झालं.''

माझा ततकार झाला, पढंत झाली, चकरा सुरू झाल्या आणि भिंतीवर कॅलेंडर नसल्याने 'पाणी वाचवा'मधल्या अनुस्वारावर संपल्या. गतभावात द्रौपदी वस्त्रहरण. एकाच बाईने पलटा घेऊन दुःशासन व्हायचं, पलटा घेऊन द्रौपदी, पलटा घेऊन कृष्ण. वर्षानुवर्षं नऊवारी वाळत घातल्याचा दुःशासनाला फार उपयोग झाला. मग ज्येष्ठ परीक्षक बाईंनी चष्मा खाली घेतला. ''काकू, आता एक नायिका करा. स्वाधीनभर्तृका.''

लहेरा चालू झाला. मला काही सुचेना म्हणून मी खिडकीकडे पाहिलं. बाहेर व्हरांड्यात नवरा उभा होता. एका खांद्यावर माझी पिशवी, दुसऱ्यावर लेकीची, गळ्यात आमच्या दोन ओढण्या, हातात थर्मास, काखेत माझ्या चपला. माशी उडवायलाही हात मोकळा नव्हता, म्हणून तो नुसती मान हलवत होता.

मी आरशात बघून हसले. वेणी पुढे घेतली. पाय पुढे केला आणि आलता लावून घेतला, एकाला, मग दुसऱ्याला, आणि दुसऱ्याचा नीट लागला नाही म्हणून पुन्हा लावायला लावला.

''अगदी अनुभवातलं दिसतंय,'' परीक्षक बाई दुसऱ्या परीक्षकांना म्हणाल्या, आणि काहीतरी लिहिलं.

बाहेर आले तर नवऱ्याने थर्मास उघडून पुढे केला. ''कोणती आली?''

''खंडिता,'' मी म्हटलं.

तो बिचारा उगाचच शर्टाच्या चुण्या सारख्या करू लागला.